दवाचं वजन

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. पितळी तोंड, खाली लोखंडी हुक आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. पाऊस जिथे तोंड दाखवायलाही कुरकुर करतो, अशा कोरड्या माळावरच्या चारा संशोधन केंद्रात माझी उमेदीची वर्षं गेली.

तिथे चाऱ्याचे सात वाण शेजारी शेजारी पेरत. कमी पाण्यात कोणता जास्त चारा देतो, हे सांगायचा मान माझा. कापणारी मावशी भारा हुकाला अडकवायची, साहेब वजन वहीत लिहायचे. शेवटी मावशी पदराने माझं तोंड पुसायची. त्या पदराची आठवण आजही मला व्याकूळ करते.

सातवा वाण बुटका, पण पानांनी गच्च. मावशीचा त्याच्यावर भारी जीव. तरी दोन वर्षं तो शेवटचाच आला. यंदाही तसंच झालं तर त्याचं बियाणं बाद, असं साहेबांनी ठरवून टाकलं.

तिसऱ्या वर्षी कापणीच्या सकाळी मावशी विळा घेऊन नुसतीच उभी राहिली.

"साहेब, दरवेळी आपण एकापासून सुरू करतो. त्याचा भारा दवानं ओला असतो. सातव्यापर्यंत पोचतो तेव्हा ऊन डोक्यावर येतं, त्याची पानं सुकलेली असतात. काटा बरोबर आहे, पण आपण दव तोलतोय."

साहेबांनी वही मिटली. त्या वर्षी सगळे भारे आधी वाळवले, मग तोलले. सातवा पहिला आला. मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं. छाती पुढे काढून मी दोन वर्षं बिनचूक वजनं सांगत होतो आणि बिचाऱ्याच्या मुळावर उठलो होतो.

पुढे साहेबांची बदली झाली, मावशी थकून घरी बसली आणि माझ्या जागी बटणांचा काटा आला. मी गोदामात खिळ्याला लटकून गंजतो आहे. खिडकीतून सातव्याचं शेत दिसतं. त्याचा भारा एकदा तरी हुकाला लागावा आणि मग तो पदर तोंडावरून फिरावा, एवढंच वाटतं.

आज सकाळी नव्या वाणांची कापणी सुरू झाली. एकापासून, दवातच, आणि ओले भारे तसेच काट्यावर. मला तोंड आहे, आवाज नाही. तुम्हाला आहे. मित्रांनो, कुणी शेवटचं आलं, तर त्याला बाद करण्याआधी एवढं विचारा, त्याची पाळी किती वाजता आली होती?