चार वेळा थांबलेली मोटार

माझी बायको साळूबाई कार्तिकात वारली. ती वारली मिरजेच्या दवाखान्यात, पण तिला मोटारीनं मारलं असं मी पुढं तीन महिने म्हणत होतो. मोटारीच्या मालकाच्या तोंडावरही म्हणालो होतो.

मालक म्हणजे लालासाहेब. पलूसला त्यांचा उसाचा मळा. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी त्यांनी साताऱ्याच्या एका वकिलाकडून ही मोटार जुनी घेतली आणि मला ड्रायव्हर ठेवलं. पहिल्या लढाईत मी बसऱ्याला लष्कराच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. गावात मोटारीतलं काही कळत असेल तर ते मलाच.

तिचे आवाज मला पाठ होते. डाव्या मागच्या बाजूची कुरकुर स्प्रिंगच्या पाट्याची. चढाला लागलं की खालून टकटक यायची, ती बेअरिंगची. पत्रे खडखडायचे ते मी मोजतच नव्हतो. असल्या आवाजांनी मोटार थांबत नाही. पण त्या वर्षी दसऱ्यानंतर एक नवीन खोड लागली. चार-पाच मैल नीट जायची, मग इंजिन दोनदा खोकायचं आणि बंद पडायचं. हँडल मारून हात सोलले तरी दाद नाही. वीस मिनिटं, अर्धा तास उभी ठेवली की पहिल्या हँडलला सुरू. पुन्हा चार मैल, पुन्हा तेच. आणि कधी कधी आठ-आठ दिवस काहीच नाही.

सांगलीच्या नाथाजी मिस्त्रीला दाखवली. त्यानं प्लग काढून पुसले, वायरी ओढून बघितल्या आणि म्हणाला, "कॉइल तापतीया, गड्या. गार झाली की चालतीया. तुलाच दिसतंय न्हवं?"

दिसत होतं खरं. लढाईमुळं ठिणगी देणारी ही कॉइल नवी मिळेना. त्यानं कुठल्याशा मोडक्या लॉरीची काढून बसवली. तरी मोटार थांबायचीच. नाथाजी म्हणाला, "ही बी तसलीच निघाली. थांबली की वरनं वलं फडकं घालत जा." मी घालत गेलो. फडकं घातलं की थोड्या वेळानं मोटार सुरू व्हायची, म्हणून फडक्यावर माझा विश्वास बसला.

कार्तिकात साळूच्या पोटात दुखायला लागलं. दोन दिवस तिनं ओव्याचं पाणी पिऊन काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला उभं राहता येईना. लालासाहेब म्हणाले, मोटार काढ, मिरजेला ने. पलूसपासून मिरज चोवीस मैल. मोटार नीट चालली तर दीड तास. साळूला मागं निजवलं, शेजारच्या सुलाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मोटार वसगड्याजवळ थांबली. मी फडकं भिजवून कॉइलवर घातलं. साळूसाठी तांब्यात पाणी घेतलं होतं, त्यातलंच वापरलं. इंजिन बंद असल्यावर सगळं गप्प झालेलं असतं. त्यात पुढून कुठूनतरी बुडुक असा आवाज आला, घागर पाण्यात बुडताना येतो तसा. रेडिएटर गार होत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. हँडल मारलं, सुरू झाली.

येरळा ओलांडल्यावर पुन्हा थांबली. पुन्हा फडकं, पुन्हा तांब्यातलं पाणी. थोड्या वेळानं साळू मागून म्हणाली, "आवं, त्यो आवाज आला बघा. आता मारा हँडल."

मारलं. सुरू झाली.

तिसऱ्यांदा नांद्र्याला. मी बॉनेट उघडून उभा होतो. तिनं विचारलं, "आला का आवाज?"

मी म्हणालो, "तू गप पड गं. तुझं पोट दुखतंय का मोटारीचं?"

ती थोडी हसली. मग पाणी मागितलं. तांब्या रिकामा होता.

चौथ्यांदा सांगलीच्या अलीकडं थांबली. दवाखान्यात पोचायला साडेचार तास लागले. दारात एक कंपौंडर होता, त्यानं तिच्याकडं बघितलं, गाव विचारलं आणि म्हणाला, "पलूसहून ना? मग इतका वेळ कुठं लावला?" साळू दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

दहावं झाल्यावर मी लालासाहेबांच्या ओसरीवर गेलो आणि उभ्यानंच म्हणालो, "तुमच्या भंगारानं माझी बायको खाल्ली." नोकरी मी सोडली नाही, कारण दुसरं काही येत नव्हतं. पण त्यांच्या घरचा चहा सोडला. मालकीणबाई मनुबाई कप ठेवायच्या, मी तो तसाच ठेवून मोटार पुसायला जायचो. कामापुरतं बोलायचो. तीन महिने असे गेले.

माघात एके दिवशी उजाडता उजाडता लालासाहेब स्वतः माझ्या दारात आले. डोक्याला पटका नव्हता, हातात नुसती छत्री.

"आकाराम, मोटार काढ. लीलाला मिरजेला न्यायचं हाय."

लीला त्यांची सून. मुलगा सयाजी फौजेत, ब्रह्मदेशाच्या बाजूला. तिचे दिवस भरले होते आणि आदल्या संध्याकाळपासून ती अडली होती. मी मोटार दाराशी लावली तेव्हा सुईण हात धूत होती. ती म्हणाली, "प्वार आडवं हाय. हात खाली आलाय. दुपारच्या आत मिरज गाठा, न्हाईतर दोघांचंबी मला इचारू नका." सकाळची आगगाडी निघून गेली होती. पुढची संध्याकाळी.

लीलाला मागं निजवलं. मनुबाई तिच्या पायांशी बसल्या. लालासाहेब माझ्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "गाठंल का रं?"

"मला काय म्हाईत? मोटार तुमची हाय," मी म्हणालो. बोलल्यावर वाईट वाटलं, पण शब्द परत घेतले नाहीत.

रस्त्याला खड्डे होते. जोरात घेतली तर लीला ओरडायची, हळू घेतली तर घड्याळ पुढं जायचं. मी कान इंजिनावर ठेवले होते. पाट्याची कुरकुर, बेअरिंगची टकटक, पत्रे. वसगडं आलं. वसगडं मागं पडलं. येरळेचा उतार समोर दिसायला लागला आणि इंजिन खोकलं. पुन्हा एकदा खोकलं. मोटार रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

मी उतरलो, बॉनेट उघडलं. लालासाहेब पाण्याची कळशी घेऊन मागोमाग आले. "वत कॉइलवर."

मी सवयीनं फडकं उचललं. मग आधी कॉइलवर तळहात ठेवला. कॉइल गार होती. माघातली सकाळ, अंगावर काटा येईल असा वारा, मोटार जेमतेम सहा मैल आलेली. कॉइल तापायला काही कारणच नव्हतं. इतक्या वेळा मी तिच्यावर पाणी ओतलं होतं, पण ओतायच्या आधी हात लावून कधी बघितलं नव्हतं. नाथाजीनं तापते म्हणून सांगितलं, मी मानलं.

कळशी मी खाली ठेवायला लावली. "तापली न्हाई."

"मग काय झालंय?"

"थांबा जरा. बोलू नका."

तिथं उभा राहून मी वाट बघितली. लीला दात दाबून कण्हत होती. मनुबाई पुटपुटत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आवाज आला. बुडुक.

या खेपेला मी नीट ऐकला. रेडिएटर इंजिनाच्या पुढं असतो. आवाज इंजिनाच्या मागून आला होता. तिथं, काचेच्या पुढं, पेट्रोलची टाकी होती. या मोटारीत टाकी उंचावर असते आणि पेट्रोल आपल्या वजनानं नळीतून खाली उतरतं. नळीचं तोंड कशानं तरी झाकलं की पेट्रोल यायचं बंद. थोडं थोडं झिरपून नळी भरली की तोंडावर बसलेलं सुटतं आणि नळीतली हवा वर जाते. तोच तो बुडबुडा. म्हणूनच आवाजानंतर मोटार सुरू व्हायची. साळूनं हे नांद्र्याच्या आधीच ओळखलं होतं, टाकी कुठं असते हे माहीत नसताना.

"आता सुरू हुईल," मी लालासाहेबांना म्हणालो. "पण फुडं परत थांबंल. टाकीत कायतरी हाय. ते काढाय पायजे."

"किती येळ लागंल?"

"धा मिंटं. जास्तबी लागतील."

"सुरू हुतीया तर चल की. फुडं थांबली तर फुडं बघू."

मनुबाई आतून म्हणाल्या, "चला रं बाबांनो, पोरीकडं बघवंना."

मी हँडल हातात घेतलं. त्यांचं चुकत होतं असंही नाही. मोटार आठ-आठ दिवस न थांबता चाललेलीही मी बघितली होती.

तेवढ्यात लीला बोलली. सबंध वाटेत ती पहिल्यांदाच बोलली. "आकारामकाका, साळूकाकीला नेताना किती येळा थांबली हुती?"

"चार येळा."

तिनं डोळे मिटले. कळ जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मग हितंच बघा."

मी टाकीचं झाकण काढलं. तोंडातली जाळी वकिलाच्या वेळीच गेली होती. आत अंधार. काडी ओढून बघायची सोय नाही. मी ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा उपटला आणि लालासाहेबांच्या हातात दिला. "ऊन आत सोडा. हात हलवू नका." उन्हाचा कवडसा टाकीत गेला. पेट्रोल रेशनवर, त्यामुळं टाकीत कधी दोन-चार बोटांपेक्षा जास्त नसायचं. तळाशी काळपट काहीतरी हलत होतं. हात आत जात नव्हता.

"काडी पायजे. लांब."

लालासाहेबांनी आरसा एका हातात धरला, दुसऱ्या हातानं छत्री गुडघ्यावर दाबून मोडली आणि मला दिली. मी छत्रीची एक काडी उपसून तिचं टोक वाकवलं. पहिल्यांदा ते घसरलं. दुसऱ्यांदा तोंडापर्यंत येऊन परत पडलं. आत लीला ओरडली आणि लालासाहेबांचा हात हलला, कवडसा गेला.

"मालक, हात."

कवडसा परत आला. तिसऱ्यांदा मी ते बाहेर काढलं.

पान होतं. पेट्रोलनं काळं आणि कडक झालेलं, पण फाटलेलं नव्हतं. मधे दुमडल्यासारखं, दोन पाकळ्यांचं. आपट्याचं.

दसऱ्याला मी मोटार धुऊन पुसून मालकांच्या अंगणात उभी केली होती. साळूनं तिला हळदकुंकू लावलं, हार घातला. गाव सोनं वाटत होतं. साळू म्हणाली, "सगळ्यांना सोनं दिलं, हिला नको व्हय? वर्सभर वढतीया बिचारी." मी बॉनेटवर पान ठेवलं. ती म्हणाली, "असं नुसतं वर ठिवून काय हुतंय? हिचं तोंड कुठं हाय?" मी हसत टाकीचं झाकण उघडलं आणि पान आत टाकलं. माझ्या हातानं. साळू खूश झाली. त्यानंतर ते पान माझ्या मनातून पार गेलं.

"काय हुतं?" लालासाहेबांनी विचारलं.

"कचरा." पान मी सदऱ्याच्या खिशात टाकलं.

हँडल मारलं. सुरू झाली.

येरळा ओलांडली. साळूला नेताना मोटार जिथं दुसऱ्यांदा थांबली होती ती बाभळ आली आणि गेली. पान एकच होतं की आणखी काही आत होतं हे मला माहीत नव्हतं. नांद्रं आलं. लीलाचा आवाज बारीक होत चालला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मनुबाई तिला हाक मारून जागी ठेवत होत्या. मी खड्डे चुकवायचे सोडून दिले. सांगलीत गुळाच्या गाड्या रस्ताभर होत्या. लालासाहेब फुटबोर्डावर उभे राहून मोडकी छत्री हलवत बैलांना बाजूला काढत होते. मोटार थांबली नाही. एकदासुद्धा खोकली नाही.

मिरजेला दारात तोच कंपौंडर होता. लीलाकडं बघितल्यावर त्यानं काही विचारलं नाही, धावत आत गेला.

आम्ही दोघं बाहेर लिंबाखाली बसलो. अडीचच्या सुमाराला मनुबाई दारात आल्या. दाराला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोरगी झाली. हात सुजलाय, पण रडतीया. लीला हाय." आणि परत आत गेल्या.

लालासाहेबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मी खिशातलं पान काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"हे टाकीत हुतं. मी टाकलं हुतं, दसऱ्याला. तुमच्या मोटारीत काय खोट नव्हती."

त्यांनी पान हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"मी ओसरीवर बसलो हुतो तवा," ते म्हणाले. "तू टाकलंस ते बघितलं मी. हसलो बी हुतो."

"मग बोलला का न्हाई?"

"ध्यानात कुठं हुतं? तुज्यातरी हुतं का?"

माझ्याही नव्हतं.

"नाथाजीला दावाय मीच लावलं तुला," ते म्हणाले. "मीबी टाकीत वाकून बघितलं न्हाई." त्यांनी पान मला परत दिलं. "तीन महिनं झालं, तू माझ्या घरचा चा पीत न्हाईस."

"व्हय."

फाटकाजवळ एक चहावाला होता. त्यांनी बोटानं दोन दाखवले. चहा आला. मी प्यालो.

लीलाचे कपडे आणि भांडी आणायला मी संध्याकाळच्या आधी एकटाच पलूसला निघालो. सांगली गेली, नांद्रं गेलं. कान सारखे टाकीकडं जात होते. त्या बाभळीपाशी मी मोटार बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. तिथं अर्धा तास बसलो. बुडुक असा आवाज आला नाही. मग उतरलो आणि हँडल मारलं.