हक्कसोड

कारभारी गेले, तेराव्याचा मांडव उतरला आणि त्यांच्या दोन लेकरांनी एकमेकांशी मोकळं बोलणं सोडलं. कारभारींनी मृत्युपत्र केलं नव्हतं. निदान कुणाला सापडलं नव्हतं, आणि सगळी गोम तिथंच होती. थोरला मुलगा सोमनाथ पिशोरला शेती बघायचा. दवाखान्यासाठी कारभारी, म्हणजे पोरांचे आबा, शेवटी शेवटी संभाजीनगरला लेकीच्या, संध्याच्या घरी राहिले होते. तेव्हा तिनं त्यांचा अंगठा कशावर तरी घेतला असणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. इकडं संध्याची खात्री होती, की आबांनी आपल्या नावानं काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि भावानं ते गायब केलं.

संध्या क्रांती चौकाजवळच्या एका शाळेत शिकवायची. मधल्या सुट्टीत सोमनाथचा फोन आला. सोमवारी कन्नडला तहसीलला ये, वारस नोंद करायचीय, आधार कार्ड आण आणि फोटो आण, असं तो म्हणाला. फोटो कशाला, असं तिनं विचारलं. लागतात, एवढंच बोलून तो तिच्या पोरीच्या परीक्षेची चौकशी करायला लागला. आजवर त्यानं कधी भाचीची इयत्तासुद्धा विचारली नव्हती. संध्याच्या मनात पाल चुकचुकली.

नवरा काकासाहेब वाळूजच्या कंपनीतून आल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं. वाचल्याशिवाय सही करू नको, ते जेवता जेवता म्हणाले, आणि वाचल्यावर तर मुळीच करू नको.

ती न कळवता एक दिवस आधीच पिशोरला जाऊन धडकली. वहिनीनं चहा टाकला, पण संध्याची नजर सारखी आतल्या खोलीत जात होती. आबा असताना त्यांच्या कपाटाचं दार पंख्याच्या वाऱ्यानंही उघडायचं. आता त्याला नवंकोरं कुलूप होतं. वहिनी म्हणाली, मला काय ठाऊक, ह्यांनाच विचारा. सोमनाथ रानातून आला, तेव्हा संध्यानं त्याला हटकलं. त्यानं उलट तिच्यावरच डोळे रोखले.

"म्हंजी कुलूप तू नाय लावलं? तेराव्याला जाता जाता?"

आशाबाई, त्यांची माय, भिंतीला टेकून लसूण सोलत बसली होती. तिनं हात पदराला पुसले, कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

"मी लावलं," ती म्हणाली. "मी न्हाणीत गेले की हा हुडकायचा. हा रानात गेला की तू. बघून घ्या एकदाचं काय हाय ते."

आत आबांचे सदरे होते, चष्मा होता, बंद पडलेला रेडिओ होता, कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या होत्या. दुसरं काही नव्हतं. तरी संध्यानं खालच्या कप्प्यात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली हात घालून पाहिला. तिच्या खांद्यावरून सोमनाथही वाकून बघत होता.

दुसऱ्या दिवशी तिघं सोमनाथच्या गाडीतून कन्नडला गेली. तहसीलच्या आवारात सोमनाथच्या ओळखीचा वकील टेबल मांडून बसला होता. कागद आधीच तयार होते. वारस नोंदीच्या अर्जावर तिघांची नावं होती. संध्यानं तो नीट वाचून सही केली, मायनं अंगठा लावला. वकिलानं खालचा कागद पुढं सरकवला, मजकुरावर तळहात ठेवला आणि म्हणाला, इथंही एक. संध्यानं तो कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा आपण राजीखुशीनं सोमनाथला सोडून देत आहोत, असं त्यात लिहिलं होतं. आपला संशय खरा निघाला याचं संध्याला वाईट वाटलं, पण त्याच्याही आधी बरं वाटलं.

मग तिचं लक्ष नावांकडं गेलं. तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिलं नाव मायचं होतं.

इतके दिवस तिनं आणि काकासाहेबांनी मनातल्या मनात त्या जमिनीचे दोनच तुकडे पाडले होते. मायचाही एक असतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सोमनाथच्या मात्र बरोबर ध्यानात होतं.

तो खाली मान घालून सांगायला लागला, की गावात सगळ्याच बहिणी सोडून देतात, मायला तर आपणच सांभाळतो, तिचं नाव लागलं काय अन् नाय लागलं काय.

"काय लिव्हलंय त्यात, संधे?" मायनं विचारलं.

"तुझाबी हिस्सा हाय, माय. आमच्याएवढाच. तो भाऊला देऊन टाकायचा, असं लिहिलंय."

आशाबाईनं शाईचं पॅड वकिलाकडं परत सरकवलं.

"मी नाय अंगठा लावायची."

"माय, काय कमी केलं मी तुला?" सोमनाथचा आवाज चिरकला.

"काय बी नाय. पर इतके दिस मी त्यांच्या घरात राहिले. आता तुझ्या घरात राहते. येकदा माझ्या घरात राहून बघू दे. तू बी राहा तिथंच."

अर्ज तिघांच्या नावानं आत गेला. दुसरा कागद सोमनाथनं फाडला नाही, घडी करून खिशात घातला. संध्यानं ते पाहिलं. चहाच्या टपरीवर त्यानं तिला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, हिला हे कुणी शिकवलं? संध्या त्याला हेच विचारणार होती.

निघताना तिला त्या खिशातल्या कागदाची धास्ती वाटली. तिनं मायचा हात धरला.

"माय, चार दिवस माझ्याकडं चल."

आशाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"जावयानं सांगितलं व्हय?"

"नाय गं. मलाच वाटलं."

"असंल," माय म्हणाली आणि सोमनाथच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

संध्या स्टँडवर आली, तेवढ्यात काकासाहेबांचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मायच्या हिश्शाचं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, मायला सोबतच आणायचं होतंस ना, तेवढाच बदल झाला असता त्यांना.

बस लागली होती. फोन पर्समध्ये टाकून ती बसमध्ये चढली आणि माय सोबत असल्यासारखी खिडकीची जागा तिच्यासाठी सोडून आतल्या बाजूला बसली.