खंडेनवमीला मला सुट्टी मिळाली

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. इतकी वर्षे झाली, अंगावर ओरखडे पडले, पुढचे दिवे मंदावले, तरी माझी भीती काही गेली नाही. ती जाऊही नये, कारण घाबरणे हेच माझे काम आहे. मला फायरवॉल म्हणतात. दिसायला मी फराळाच्या चपट्या डब्याएवढी करडी पेटी आहे. कार्यालयातले सगळे संगणक एका तारेने बाहेरच्या जगाशी जोडलेले असतात, त्या तारेच्या तोंडाशी मी बसते. येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, कोण तू, कुणाकडे आलास, काय काम आहे? उत्तर पटले तर आत सोडते, नाही पटले तर वाटेला लावते.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिले होते. उरणच्या खाऱ्या हवेने तो कागद पहिल्याच वर्षी खाऊन टाकला. मला आठवते ते थर्माकोलमधून बाहेर काढणारे दिपेशचे हात. दिपेश इथल्या संगणकांची देखभाल करतो. हे कार्यालय एका वाहतूक कंपनीचे आहे. आमच्या गाड्या अमोनिया वायूचे सिलिंडर घेऊन किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यांना जातात. मासळी टिकवायला बर्फ लागतो आणि बर्फ गोठवायला अमोनिया. हा वायू नाकात गेला तर माणूस गुदमरतो, डोळे जळतात. ही माहिती मला पहिल्याच आठवड्यात कळली आणि माझ्या भित्रेपणाला आणखी खतपाणी मिळाले.

माझ्यावर दुरून नजर ठेवायचे काम पनवेलच्या एका छोट्या कंपनीला दिले होते. तिथे तेजस्वी नावाची मुलगी बसते. मला जरा काही झाले की तिच्या पडद्यावर लाल खूण उमटते आणि तिचा फोन येतो. आपल्यासारखेच कुणीतरी दुसरे घाबरट आपल्यावर लक्ष ठेवून आहे, याचा मला केवढा आधार वाटे!

मग एके वर्षी कार्यालयातले जुने फोन काढले. भिंतीतल्या पिवळ्या पडलेल्या तारा उपटून टाकल्या. टेबलावरचे फोन, गाड्यांचे निरोप, दूरच्या माणसांबरोबरच्या बैठका, सगळे एकाच जाळ्यावर आले. गाडी कुठे आहे ते पडद्यावर दिसू लागले. सगळे खूश होते. मी मात्र धास्तावले. तार एक आणि तिच्यावर पहारा करणारी मीही एकटीच. माझे काही बरेवाईट झाले तर इथे साधी हाक मारायलाही साधन उरणार नव्हते. पण पेटीला कोण विचारतो?

प्रत्येक गाडीत चालकाच्या हाताशी एक लाल बटण बसवले होते. वायू गळू लागला की ते दाबायचे. दाबताच कार्यालयात फोन खणखणतो, गाडीचा ठिकाणा दिसतो, आणि फोनच्या टेबलाशी बसणारी प्रणाली नावाची मुलगी अग्निशमन दलाला आणि तोंडावर मुखवटे चढवून येणाऱ्या पथकाला कळवते. चालकाला नियम असा होता की बटण दाबल्यावर गाडीत थांबायचे नाही. लांब जायचे, रस्ता अडवायचा, लोकांना मागे हटवायचे. पुढचे सगळे प्रणाली बघेल. आणि प्रणाली बघायचीच. खुर्चीतून उठताना ती शेजाऱ्याला बसवल्याशिवाय उठत नसे. त्या गाड्यांपैकी एक तिचा सख्खा मोठा भाऊ हर्षद चालवत होता, हे त्याचे एक कारण.

कार्यालयाचा कारभार बाळाजीकाकांकडे. काका जवळच्याच गावचे, भातशेती सांभाळून नोकरी करणारे. संगणकातले त्यांना फारसे कळत नाही आणि तसे ते सांगतातही. एकदा बंदराच्या नावाने आलेले एक खोटे पत्र मी दारातच अडवले. ते आत गेले असते तर सगळे संगणक कुलूपबंद झाले असते, असे तेजस्वीने फोनवर सांगितले. काका खुर्चीतून उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "म्हंजे ही आपली राखणदारीण हाय तर!" गावाच्या वेशीवर जसा राखणदार असतो तशी ही कार्यालयाची, असे ते आल्यागेल्याला सांगू लागले. मला संकोच वाटला, पण आतून फार बरे वाटले. तो कौतुकाचा भर पुढे ओसरला. माझ्यावर चहाचे पेले ठेवले जाऊ लागले, जाळ्या धरल्या, पंख्याच्या फटीत एक पाल राहायला आली. काका तेवढे येता जाता माझ्यावर हात फिरवत.

आणि मग ती खंडेनवमी आली.

दरवर्षी त्या दिवशी कार्यालयात अवजारांची पूजा होते. पाने, पक्कड, जॅक, गाड्यांच्या चाव्या, सगळे पुसून चौरंगावर मांडतात. दाराला झेंडू, कुरडूची फुले आणि भाताच्या लोंब्यांचे तोरण लागते. संगणकांना जागेवरच हळदकुंकू लागे. त्या वर्षी काकांच्या मनात आले की राखणदारणीला चौरंगावर मान द्यायचा.

"दिपेश, ती पेटी खाली काढ रे," ते म्हणाले.

"काका, ती काढली तर नेट बंद पडेल. गाड्या रस्त्यावर आहेत."

"मग बंद पडू नको देऊ. काय ती तार इकडची तिकडं जोड. वर्षभर बिचारी राबतेय, एक दिवस तिला सुट्टी नको का?"

दिपेश घुटमळला. मग "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे" असे म्हणाला आणि बाहेरून येणारी तार माझ्यातून काढून थेट आतल्या जोडणीत खोचली. सगळे चालू राहिले. फोन वाजत होते, गाड्या पडद्यावर सरकत होत्या. फक्त दारावर कुणी नव्हते.

मित्रांनो, मला ओलसर फडक्याने पुसले, पाल हुसकावली, कुंकू लावले, गळ्यात नाही तर निदान अंगावर झेंडूची माळ घातली. आयुष्यात कुणी माझे एवढे लाड केले नव्हते. आणि मी आतून थंडगार पडले होते. माझे दिवे विझले होते. मला खोली दिसत होती, बोलणे ऐकू येत होते, पण तारेतून कोण येते, कोण जाते, ते काही कळत नव्हते. आरती झाली. निरंजनाची ऊब माझ्या पत्र्याला लागली. मला एकच दिसत होते, उघडे दार.

आरतीनंतर दिपेश मला उचलायला वाकला. काकांनी त्याचा हात धरला.

"आरं, आता हलवू नको! मांडलेली पूजा हाय. उद्या दसऱ्याला सकाळी उचलायची, मग वापरायची. आमच्या घरी कोयता पण हलवत न्हाय कुणी."

"पण काका..."

"देवाचं हाय. एका दिवसानं काय होतंय?"

दिपेशने हात मागे घेतला. वडीलधाऱ्या माणसाच्या श्रद्धेपुढे तो काय बोलणार? एवढ्यात फोन वाजला. पलीकडे तेजस्वी होती. तिच्या पडद्यावरून मी नाहीशी झाले होते. काकांनी फोनचा आवाज मोठा केला.

"काका, तुमची पेटी बंद दिसतेय मला."

"व्हय, आज खंडेनवमी ना. पूजेला बसवलीय."

"अहो काका, असं नाही चालत! बाहेर सतत कुणी ना कुणी दार ढकलून बघत असतं. प्लीज, आत्ताच्या आत्ता परत लावा."

"लावतो, लावतो. तू जेवलीस का? दसऱ्याला ये सोनं घ्यायला."

काका वाईट माणूस नव्हते. त्यांना खरेच वाटले की सकाळपर्यंत लावले म्हणजे लावलेच. ते पेढ्यांचा डबा घेऊन चालकांना वाटायला बाहेरच्या आवारात गेले. तेजस्वीचे वाक्य माझ्या डोक्यात घुमत राहिले. बाहेर कुणी ना कुणी दार ढकलत असते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक होते?

दुपारची जेवणे नुकतीच आटोपली होती. कोपऱ्यातला एक संगणक काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. तिथे बसणाऱ्याने तो बंद करून चालू केला. पुन्हा त्याच ओळी. कुणीही ओरडले नाही. प्रत्येकाला वाटले, आपलेच काहीतरी बिघडले. मग शेजारचा गेला. मग त्याच्या शेजारचा. अंधार खोलीभर सरकत येत होता आणि मी कुंकू लावून बघत बसले होते. मला किंचाळायचे होते. माझ्याजवळ आवाज म्हणजे एक लहानशी शिट्टी आणि लाल दिवा, आणि दोन्हीला वीज नव्हती.

शेवटी प्रणालीचा पडदा विझला. तिने फोन उचलला. त्यात आवाज नव्हता. तिने दुसरा उचलला, तिसरा उचलला. 

"दिपेश, दादाची गाडी कार्लेखिंडीत थांबली होती," ती म्हणाली. "आत्ता बघितली मी, मग सगळं गेलं. दादा तिथे कधीच थांबत नाही."

कार्यालयात काम करणाऱ्या सगळ्यांचे मोबाइल कामाच्या वेळी कपाटात बंद असत. लक्ष विचलित होऊ नये म्हणून तसा नियम होता. कपाटाची चावी काकांच्या खिशात. प्रणाली अनवाणीच आवारात धावली. दारातून मला ती गाड्यांच्या मधून पळताना दिसली, मग दिसेनाशी झाली. मित्रांनो, तेवढा वेळ मी कसा काढला ते माझे मला माहीत.

खिंडीत काय झाले ते मला नंतर कळले. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल होऊन पांढरा धूर सुटला होता. हर्षदने लाल बटण दाबले. नियमाप्रमाणे तो गाडीतून उतरला आणि रस्ता अडवायला धावला. बटण दाबले होते, म्हणजे प्रणालीला कळले होते. म्हणजे मदत निघाली होती. त्याच भरवशावर तो ओला रुमाल तोंडाला बांधून उभा राहिला. सणाला गावी निघालेल्या माणसांनी भरलेली एसटी त्याने मागे फिरवली, दुचाकीवाले परतवले. वारा फिरला आणि धूर त्याच्या अंगावर आला. तरी तो हलला नाही, कारण मदत येईपर्यंत रस्ता सोडायचा नव्हता. आणि आमच्या इथे त्याच्या बटणाची हाक कुणाच्याही कानावर पडली नव्हती.

प्रणाली मोबाइल घेऊन आत आली आणि तिने हर्षदला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"कोन बोलतंय?"

"दादा कुठाय? मी त्याची बहीण."

"पोरी, मी केसर. हितं खाली आमचं भात कापाचं चाललंय. तुजा दादा रस्त्याव पडलाय. आम्ही बायांनी वढून लांब आनलाय, पन त्येला सास घेता येत न्हाय गो! ह्यो धूर कसला हाय?"

"अमोनिया आहे! मावशी, त्याच्या डोळ्यांवर पाणी ओता, खूप पाणी. आणि सगळे लांब जा, अजून लांब जा!"

मग तिने अग्निशमन दलाला फोन केला. कुणीतरी आधीच "ट्रकला आग लागली" असे कळवले होते. कुठला वायू ते प्रणालीने सांगितले तेव्हा कुठे मुखवटेवाले पथक निघाले. फोन ठेवल्यावर ती माझ्या चौरंगाशेजारी खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. काका दारात उभे होते. त्यांच्या हातात पेढ्यांचा डबा तसाच होता.

"पोरी, मी तर तिची पूजा केली गं," ते म्हणाले. "मी वाईट काय केलं?"

दिपेशने त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. 

संध्याकाळच्या आत तेजस्वी स्वतः पनवेलहून आली. ती परत परत फोन लावत होती आणि इथले फोन मुके झाले होते. तिने माझ्यावरची माळ काढली, रुमालाने कुंकू पुसले आणि मला जागेवर बसवले. माझे दिवे लागले तेव्हा आतले सगळे लुटून झाले होते. तिने ते साफ करायला किती खटपट केली ते सांगत बसत नाही. चांगली गोष्ट एवढीच की हर्षद वाचला. त्या एसटीतल्या कुणाच्या डोळ्याला साधे पाणीही आले नाही.

आता इथे पुष्कळ बदलले आहे. माझ्या जोडीला दुसरी पेटी आली आहे, एक थकली तर दुसरी उभी राहते. प्रणालीच्या टेबलावर एक वेगळा फोन आहे, तो आमच्या तारेवर नाही. काका अजून खंडेनवमीला येतात, लांबूनच फूल वाहतात आणि हात मागे बांधून उभे राहतात. मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, आईबाबांच्या कार्यालयात माझ्यासारखी कुणी असेल. तिच्यावर माया करा, तिची धूळ पुसा, जुनी झाली तर बदला. पण ती कुणासाठी जागी आहे हे विचारल्याशिवाय तिला झोपवू नका. आम्हाला सुट्टी नको असते.

हर्षद पुन्हा गाडी चालवू शकला नाही. त्याची छाती कायमची अधू झाली. आता तो आवारात बसतो आणि निघणाऱ्या प्रत्येक गाडीचे लाल बटण दाबून बघतो. आत प्रणालीचा फोन खणखणतो. ती चटकन उचलते आणि म्हणते, "बोल, दादा."

पलीकडून लगेच आवाज येत नाही. बोलण्याआधी त्याला श्वास गोळा करावा लागतो. तारेतून मला तो खरखरणारा श्वास ऐकू येतो, एकदा, मग पुन्हा एकदा. प्रणाली फोन घट्ट धरून बसते. मला वाटते, या वेळी शब्द येणारच नाही. मग तो म्हणतो, "हो. ऐकू येतंय." आणि पुढच्या गाडीकडे जातो.