हिरवा, पण कोणता?

मी एक इंजिन बोलतोय. आठ सिलिंडरांचं, चपट्या डोक्याचं. 'चपट्या डोक्याचा' ही शिवी नव्हे, आमच्या जातीचं नावच ते आहे. पण माझ्या मालकाचं वागणं जवळून पाहिल्यापासून मी ते नाव खुशाल त्याला देऊन टाकायला तयार आहे.

माझा जन्म डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यातला. लोखंड ओतलं, थंड केलं, भोकं पाडली आणि शेवटी एका माणसाने माझ्यावर हिरवा रंग मारला. जेवणाची घंटा व्हायला आली होती, म्हणून त्याने एका बाजूला जाड मारला आणि दुसऱ्या बाजूला नुसता दाखवला. पिपात त्या दिवशी जो हिरवा होता तो मला मिळाला. बरोबर आहे की चूक, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यालाही त्याची पर्वा नव्हती.

पुढे कॅलिफोर्नियात, टुलारीच्या खोऱ्यात आलो. आधी बेदाण्यांच्या पेट्या वाहणाऱ्या ट्रकमध्ये राबलो. ट्रक गंजल्यावर शेतकऱ्याने मला विहिरीच्या पंपाला जुंपलं आणि मी कापसाला पाणी पाजू लागलो. मग विजेची मोटर आली आणि माझी रवानगी अक्रोडाच्या झाडाखाली झाली. तिथे कोंबड्या माझ्या अंगावर येऊन बसायच्या आणि अंडी घालायच्या. त्या कोंबड्यांइतका समंजस मालक मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही. त्यांनी माझ्या रंगाचा विषय एकदाही काढला नाही.

तिथून मला व्हर्जिल हॉस्टेटरने उचललं. हा माणूस जन्मभर गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करत आला. यंत्राचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. तरुणपणी तो आणि त्याची टोळी भंगारातल्या गाड्या आणायची, त्यांचे चाकांवरचे मडगार्ड उपटायची, इंजिनावरचं झाकण फेकून द्यायची, मोठं इंजिन ठोकून बसवायची आणि कोरड्या तळ्याच्या सपाटीवर सुसाट पळवायची. मागे पोलीस लागायचे. त्याच दिवसांत त्याने नॅडीनला शब्द दिला होता: "माझ्या हातच्या गाडीतून तुला पिस्मोला समुद्रावर नेईन." मग लग्न झालं, पोरं झाली, गाईंची यंत्रं बिघडत राहिली आणि गाडी राहून गेली.

निवृत्त झाल्यावर मात्र त्याने मनावर घेतलं. बत्तीस सालच्या गाडीचा सांगाडा मिळवला आणि एका हिवाळ्यात मला खोलून, घासूनपुसून, नवे भाग घालून ठणठणीत केलं. गाडी तयार झाली. बैठक शिवली, दिवे लागले. माझा रंग तेवढा राहिला होता.

"एका शनिवारचं काम आहे," तो नॅडीनला म्हणाला. त्या शनिवारला पुढे तीन वर्षं लागली.

झालं असं, की या गाड्यांना इंजिनावरचं झाकण नसतं. इंजिन उघडं. दुकानाच्या काचेत मांडलेल्या मिठाईसारखे आम्ही सगळ्यांना दिसतो. त्यामुळे दर शनिवारी व्हर्जिलच्या गॅरेजमध्ये त्या जुन्या टोळीच्या क्लबची मंडळी खुर्च्या टाकून माझ्याकडे बघत बसायची. क्लबचा अध्यक्ष आरा बेड्रोसियन, बेदाण्यांचा बागायतदार. त्याच्या पाकिटात नातवंडांचे फोटो मागे असायचे आणि रंगांच्या पट्ट्या पुढे.

"हा हिरवा नंतरच्या सालचा आहे," आरा म्हणायचा.

"मग आधीचा दाखव ना!" व्हर्जिल चिडायचा.

"आधीचा आता मिळत नाही. मिळतो तो आधीच्यासारखा असतो, पण आधीचा नसतो."

"लेकांनो," मॅनी आविला एकदा मध्येच म्हणाला, "गवत हिरवं असतं. विषय संपला." मॅनी दूधवाला, पोर्तुगीज, येताना तिखट सॉसेजचे पाव आणणारा. भर चर्चमध्ये कोणी थुंकावं तसे सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

मला तर हसावं की रडावं कळेना. हीच ती पोरं, ज्यांनी करवतीने गाड्या कापल्या, बापाच्या शिव्या खाल्ल्या, कुठलाच नियम मानला नाही. आता केस पिकले, गुडघे गेले, आणि त्यांना नियमाचा पुळका आला होता. बंडखोर म्हातारा झाला की सासूसारखा वागतो, हे मी स्वतःच्या अंगावर सोसलेलं सत्य आहे.

व्हर्जिल बरण्यांच्या पत्र्याच्या झाकणांवर रंग लावून ती नॅडीनच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजायचा. त्या घरातल्या सफरचंदाच्या केकला वर्षभर रंगाचा वास येत होता. भाजलेली झाकणं भिंतीवर टांगली जायची. सकाळच्या उन्हात बघायची, दुपारी बघायची, दिव्याखाली बघायची. मग एक पसंत व्हायचा, माझ्यावर चढायचा, आरा येऊन नकाराची मान हलवायचा, आणि व्हर्जिल मला पुन्हा खरवडायला घ्यायचा.

"नॅडीन, हा की हा?" तो दोन झाकणं तिच्या तोंडासमोर धरायचा.

"छान आहे."

"अगं, कोणता?"

"तो... डावीकडचा."

"डावा तर करडा दिसतो! तुझं लक्षच नसतं."

तिचं लक्ष होतं. तिची दृष्टी जात होती. हे मला ठाऊक होतं, कारण गॅरेजच्या भिंतीवर एक टेलिफोन होता आणि व्हर्जिल रंगाच्या दुकानात गेला, की ती त्यावरून बहिणीशी बोलायची. "मधलं सगळं धुरकट झालंय गं. कडेचं तेवढं दिसतं. रंग तर गेलेच. डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत उरलंसुरलंही जाईल... नाही, त्याला नाही सांगितलं. सांगितलं तर हा गाडी विकेल आणि मला दवाखान्या-दवाखान्यांतून फिरवत बसेल. त्यांच्याकडे औषध असतं तर त्यांनी दिलं असतं. मला एकदा त्या गाडीतून समुद्र बघायचाय, बस."

मी हे सगळं ऐकत होतो. तोंड असतं तर ओरडलो असतो. पण माझं तोंड बंद होतं आणि ज्याच्या हातात किल्ली होती, तो हिरव्यात निळा किती असावा याचा काथ्याकूट करत बसला होता.

सप्टेंबरात एकदाचा रंग ठरला. आराने संमती दिली. व्हर्जिलने असा काही रंग चढवला, की काय सांगू! थरावर थर, कोपऱ्यात, खाचेत, बोल्टाखाली, कुठे म्हणून लोखंड दिसू दिलं नाही. एवढा नटलेला मी कारखान्यातसुद्धा नव्हतो.

शनिवारी सकाळी सगळा क्लब जमला. नॅडीन दाराशी खुर्चीवर बसली होती, अंगात एप्रन, पायात सपाता. व्हर्जिलने किल्ली फिरवली आणि बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्. मी जागचा हललो नाही.

मग तज्ज्ञांचं गुऱ्हाळ सुरू झालं. कोणी बॅटरीला दोष दिला, कोणी हवेला. व्हर्जिल मात्र पांढराफटक पडला होता. त्याला दुखणं पहिल्याच आवाजात कळलं होतं. बॅटरीची एक जाड पट्टी माझ्या अंगावर उघड्या लोखंडाला टेकावी लागते, तरच वीज फिरते. रंगातून वीज जात नाही. आणि या शहाण्याने माझ्या अंगावर नखाएवढंही लोखंड उघडं ठेवलं नव्हतं.

"पट्टी रंगावर बसलीय," तो पुटपुटला.

"मग खरवड की!" मॅनीने खिशातला चाकू पुढे केला.

व्हर्जिल आडवाच झाला माझ्यावर. "वेडा आहेस का? आता खरवडलं तर कडेने पापुद्रे निघतील, आणि ही जागा अगदी समोर आहे. सगळं खाली उतरवू. पुन्हा रंगवू, तेवढी जागा झाकून. दोन महिन्यांत होईल."

"आणि खरं सांगू?" आरा म्हणाला. "उन्हात बघितल्यावर मला हा हिरवा जरा..."

"व्हर्जिल," नॅडीन म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मला हा रंग दिसत नाही."

"म्हणजे? आवडला नाही?"

"दिसत नाही. कुठलाच रंग दिसत नाही, वर्ष झालं. तू झाकणं धरतोस, आणि तुला कोणतं आवडलंय ते मी तुझ्या आवाजावरून ओळखते. कधी जमतं, कधी फसते. डॉक्टर म्हणाले, नाताळपर्यंत सगळं जाईल. तुझे दोन महिने तू मोज. मला आज समुद्राला ने."

व्हर्जिल माझ्यावरून उठला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगणार तरी केव्हा? तू रंग बघत होतास."

व्हर्जिलने हात पुढे केला. मॅनीने त्यावर चाकू ठेवला. मग त्याने पट्टी सोडवली आणि माझ्या त्या झगझगीत अंगावर चाकू चालवला, एकदा, दोनदा, लोखंड चकाकेपर्यंत. हिरवे पापुद्रे जमिनीवर पडले. आराने तोंड फिरवलं. मला दुखलं नाही. खरं सांगतो, इतक्या वर्षांत एवढं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं.

पट्टी बसली, बटण दाबलं आणि मी असा गरजलो, की भिंतीवरची झाकणं खाली कोसळली.

नॅडीन एप्रनसकट गाडीत बसली. डोंगर चढताना माझं अंग तापलं, रंग धुपला, धूर निघाला आणि धुराच्या पाइपाजवळचा हिरवा तपकिरी झाला. व्हर्जिलला ते स्पष्ट दिसत होतं, मी त्याच्या नाकासमोरच होतो. त्याने एकदा बघितलं आणि पुढे रस्त्याकडे बघत राहिला.

पिस्मोला पोहोचलो तर धुकं. काठावरचा लाकडी धक्का दिसेना, वाळू दिसेना, समुद्र तर नाहीच. व्हर्जिलने स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. "आपण आधी यायला हवं होतं. माझ्यामुळे झालं हे."

"तुला काही दिसतंय का?"

"काही नाही."

"मग आता दोघं सारखेच की रे! जा, शिंपल्यांचं सूप आण. भूक लागलीय."

सूप संपेपर्यंत धुकं उठलं. समुद्र समोर पश्चिमेला, पण नॅडीनने तोंड उत्तरेकडे वळवलं. मधलं दिसत नसलेल्या माणसाला सरळ बघून चालत नाही, डोळ्याच्या कडेने बघावं लागतं. तशी ती पुष्कळ वेळ बसली. लाटांचं पांढरं हलणं तिला दिसत असावं, कारण ती हसत होती.

"रंग कोणता आहे रे त्याचा?" तिने विचारलं.

व्हर्जिलने तोंड उघडलं. ज्याने तीन वर्षं हिरव्याच्या पोटातले हिरवे वेगळे काढले होते, तो समुद्राकडे नुसता बघत राहिला. तिथे हिरवा होता, निळा होता, राखाडी होता आणि क्षणाक्षणाला बदलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला नाही गं सांगता येत."

"अरे वा!" नॅडीन म्हणाली. "ऐकायला बरं वाटलं." आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

आता माझी अवस्था विचाराल, तर फार काही बरी नाही. चाकूचा ओरखडा गंजलाय, पाइपाजवळ रंग उरलेला नाही. क्लबच्या प्रदर्शनात आरा माझ्याकडे बघून उसासा टाकतो आणि मॅनी मला पाव दाखवून डोळा मारतो. मला त्याचं काही वाटत नाही. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, बाबांनो, मला हात नाहीत तरी जोडून सांगतो: तुमच्या घरी काही तयार होऊन झाकून ठेवलेलं असेल, तर त्याला आणखी एक थर देऊ नका. ज्याच्यासाठी केलंय, त्याला बसवा आणि निघा.

आम्ही रविवारी निघतो. नाताळ येऊन गेला, नॅडीनला आता उजेड-अंधार तेवढा कळतो. पिस्मोला पोहोचलो की व्हर्जिल मला बंद करतो. मग लाटांचा आवाज येतो, आणि ती अजूनही तोंड हळूच उत्तरेकडे वळवते, म्हणजे समुद्र डोळ्याच्या कडेला येतो.