कॅमेऱ्यातला माणूस

इंदूबाई मोरीत पडल्या तेव्हा बराच वेळ कोणाला कळलं नव्हतं. म्हणून संघदीपनं यवतमाळच्या घरी बैठकीत कॅमेरा लावला आणि नागपुरातून तो आईला मोबाइलवर पाहू लागला. काही आठवड्यांनी कॅमेऱ्यावर टॉवेल दिसायला लागला.

"आई, कायले झाकतेस? पडलीस तर मले कसं कळंन?" तो फोनवर चिडून बोलला. इंदूबाईंनी मुकाट्यानं टॉवेल काढला.

सुटीत तो घरी आला. दुपारी आई ताट घेऊन स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसली. बैठकीत येईना. कारण विचारलं तेव्हा ती ताटाकडे पाहतच म्हणाली, "त्या कॅमेऱ्यातून एक माणूस बोलते. 'काकी, इधर देखो' म्हणते आन् हासते."

"मले काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, तुह्या हापिसातला दोस्त असंन. तूच त्याले दाखवत असशीन."

संघदीपनं मोबाइल काढून कॅमेऱ्याचं ॲप उघडलं. कॅमेऱ्यासोबत आलेला, कोणालाही सहज सापडणारा पासवर्ड त्यानं बदललाच नव्हता. कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस, आणि आपल्याच घराचं दार उघडं टाकून बसला होता. वरून आईवरच चिडला होता.

त्यानं पासवर्ड बदलला, कॅमेऱ्यासाठी राउटरवर वेगळं वायफाय केलं आणि त्याचं इंटरनेट बंद केलं. आता चित्र फक्त घरातल्या फोनवर दिसणार होतं.

"मंग तुले नागपूरहून दिसंन काय?"

"नाही. रोज फोन करीन."

"करजो." मग ती म्हणाली, "शेजारच्या हंसाबाईकडं बी कॅमेरा तूच लावला ना रे?"

तिथला कॅमेरा त्यानं पाळण्याच्या वर लावला होता. हंसाबाईंची लेक दीपमाला बाळंतपणाला आली होती. तिथंही पासवर्ड तोच जुना.

"मी सांगू काय त्याईले?" आईनं विचारलं.

"नको. मीच जातो."

हंसाबाईंनी हसतच दार उघडलं. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "काकू, तो कॅमेरा काढू द्या. त्याच्यातून बाहेरचं कोणी पाहत असंन. माह्याच चुकीनं."

हंसाबाई बाजूला सरकल्या. आत दीपमाला बाळाला पाजत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ओढणी सावरून ती बाळासकट आतल्या खोलीत गेली. आतून कडी लागली. संघदीप मान खाली घालून खुर्चीवर चढला आणि त्यानं वायर उपटली.