पडलेले दात धरून

चेतनाच्या प्रबंधाचे निकाल इतके गोड आले होते, की तिच्या मार्गदर्शकांनी, डॉ. सुशील सरांनी, अख्ख्या विभागाला समोसे खाऊ घातले. एरवी सर चहासुद्धा दुसऱ्याच्या खर्चाने पिणारे! रायपूरच्या त्या डेंटल कॉलेजात चेतना एमडीएसच्या शेवटच्या वर्षाला होती आणि हिरड्यांच्या एका औषधी जेलवर काम करत होती. हिरडी सुटली की दाताभोवती खाच पडते. जेल खाचेत भरायचं आणि काही महिन्यांनी खाचेची खोली मोजायची. खोली घटली म्हणजे औषध लागू पडलं. खोली घटली होती. जेल बनवणारे कंपनीवाले खूश, सर खूश, आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या कामगार शिबिरात ‘दात वाचवणारं जेल’ म्हणून ते वाटायचंही ठरून गेलं होतं.

तीजाचा, म्हणजे हरतालिकेचा, उपास सुटल्यावर तात्यापारा मोहल्ल्यातल्या शेजारीण शांताबाई ठेठरीचा डबा घेऊन आल्या. बेसनाची ती खमंग, कडक ठेठरी त्यांच्यासारखी कुणाला जमत नसे. गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, दातांना घासून घासून बाईंनी हिरड्यांची वाट लावून घेतली होती, म्हणून चेतनानेच त्यांना अभ्यासात घेतलं होतं. मोजमाप मात्र दुसरी डॉक्टर करायची, कारण आपल्या माणसाला आपणच मोजलं की हात झुकतो.

“तुम्ही बी घ्या ना एक, मावशी.”

“मी कायनं खाऊ?” शांताबाई हसल्या. “दाढा गेल्या ना माह्या. हलून राहिल्या होत्या, काढून टाकल्या.”

“अन् मले काहून नाही सांगतलं? तुमचा रिपोर्ट त मस्त आहे!”

“तुमच्या त्या मॅडमनं पाह्यलं ना. म्हणे, पहिल्यापेक्षा लय सुधार आहे.”

चेतनाच्या हातातली ठेठरी हातातच राहिली. सुधार कसा? ती तशीच उठून कॉलेजात गेली आणि कॉम्प्युटर उघडला. नोंदीत शांताबाईंच्या गेलेल्या दाढांपुढे रिकामी जागा होती. दात नाही तर खाच नाही, खाच नाही तर मोजायचं काय? पडलेला दात मोजणीतून वगळायचा, विभागात वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. सगळ्यात खोल खाचा त्याच दाढांना होत्या. त्या गेल्या आणि सरासरी सुधारली. नापास पोरं शाळेतून काढली की शाळेचा निकाल वाढतो, तशातली गत. कुणी लबाडी केली नव्हती, आणि याचाच तिला जास्त संताप आला.

तिने एकेक रुग्ण पुन्हा तपासला, या वेळी पडलेले दात धरून. जेलवाल्यांचे दात तुलनेसाठी घेतलेल्या साध्या उपचारवाल्यांपेक्षा कमी गेले नव्हते. थोडे जास्तच गेले होते.

सरांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकले. “खोली सगळी दुनिया मोजते, चेतना. दात पडेपर्यंत थांबायचं म्हटलं तर एकेका प्रबंधाला दहा वर्षं लागतील.”

“इथे थांबावंच लागलं नाही, सर. दात आधीच पडून मोकळे झाले.”

“हे बघ बेटा, प्रबंधावर सही मी करणार आहे. ती नाही झाली तर तुझं वर्ष गेलं समज.”

घरी आईने, अंजनाबाईंनी, वेगळं काय सांगायचं? रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, घराण्यातली पहिलीच डॉक्टर झालेली पोट्टी. “आधी डिग्री घे, मंग भांड,” अंजनाबाई म्हणाल्या. चेतना भ्याली नव्हती असं नाही. पण शांताबाईंना ‘सुधार आहे’ असं आपल्या नावाने सांगितलं गेलं, याची चीड त्या भीतीला पुरून उरली.

सादरीकरणाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कंपनीचा माणूस टाय सारखा करत बसला होता.

“या जेलने खाचेची खोली घटते,” चेतना म्हणाली. त्याने मान डोलावली. “पण दात वाचतात असं म्हणायला आमच्याकडे काहीही आधार नाही. आणि ज्यांचे दात गेले, त्यांचे गेलेले दात आम्ही मोजणीतूनच वगळले. हे जेल दात वाचवणारं म्हणून सिलतऱ्यात वाटता येणार नाही.”

“चेतना!” सर उठले. “विषयावर ये!”

“विषयावरच आहे, सर. माणूस आपल्याकडे दात वाचवायला येतो. मिलिमीटर वाचवायला कुणी येत नाही.”

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. सरांनी पुढे येऊन प्रोजेक्टरच बंद केला. पडदा पांढरा झाला. कंपनीच्या माणसाने बॅग उचलली. सगळ्यांना वाटलं, संपलं.

चेतनाला ते गेलेले दात आता तोंडपाठ झाले होते. तिने माइक बाजूला सारला आणि घसा मोकळा केला.

“रुग्ण पहिला. खालच्या दोन दाढा गेल्या. रुग्ण दुसरी. वरची एक दाढ आणि समोरचा एक दात.”

“तुझी सही गेली, समजलं?” सर ओरडले.

“समजलं, सर. बसून घ्या,” ती म्हणाली. “रुग्ण बरेच आहेत. रुग्ण तिसरा.”