पोत्याखालची छत्री

मित्रांनो, जरा मान वर करून पाहा. जळकोटजवळच्या एका वाडीत, आरोग्य उपकेंद्राच्या गच्चीवर आकाशाकडे तोंड करून बसलेली जुनी छत्री, ती मीच. उपग्रहाशी बोलणे हे माझे काम. डोंगराआडच्या या वाडीत मोबाइलला रेंज नाही. नर्स शिल्पाताई लातूरच्या डॉक्टरांशी माझ्यामार्फतच बोलतात. नव्याची नवलाई होती तोवर माझे कौतुक झाले, मग सगळे मला विसरले.

शेजारच्या धुरपताबाई मात्र माझ्यावर डोळा ठेवून होत्या. त्यांच्या सुनेला, ज्योत्स्नाला, नववा महिना लागला होता. तिचे डोके दुखू लागले, पाय सुजले आणि खापर फुटले माझ्यावर! "ह्या छत्रीची किरनं पोरीला बाधून राहिलीत," म्हणत धुरपताबाई एका सकाळी गच्चीवर चढल्या. उन्हाळ्यात माठाला ओले फडके गुंडाळतात ना, तसे त्यांनी भिजवलेले पोते माझ्या तोंडावर टाकले. किरणे थंड व्हावीत म्हणून! मला हसूच आले.

दुपारी ज्योत्स्नाला अंधारी आली. धुरपताबाई तिला धरून उपकेंद्रात घेऊन आल्या. शिल्पाताईंनी रक्तदाब मोजला, तो भलताच वाढलेला. डॉक्टरांना विचारावे तर संपर्कच लागेना. ओल्या पोत्यातून माझा संदेश बाहेर पडत नव्हता. माझे हसू कुठल्या कुठे पळाले.

धुरपताबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलेही नसते. पण त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, म्याच पोतं टाकलंय तिच्यावर. आत्ता काढते!" पदर खोचून त्या धावतच जिना चढल्या. लगेच संपर्क लागला. डॉक्टरांनी औषध सांगितले, रुग्णवाहिका धाडली. लातूरला ज्योत्स्ना सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली.

पुढे शिल्पाताईंनी तंत्रज्ञ प्रीतमला बोलावले. त्याने मीटर घेऊन धुरपताबाईंच्या अंगणातली किरणे मोजली, बाळंतिणीच्या खोलीतलीही मोजली. आकडा सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी खाली होता.

"हिचा झोत आभाळाकडं जातोय, मावशी. फकस्त तिच्या तोंडापुढं कुणी थांबू नका."

"हाव, पर हे आधीच सांगितलं असतं तर म्या पोतं कशाला भिजवलं असतं?"

खरेच होते. मला बसवताना वाडीला कुणी काही सांगितलेच नव्हते.

मित्रांनो, शंका आली तर बेधडक विचारा, मोजून दाखवा म्हणा. आमचीही निगा राखा. लोक म्हणतात, छत्रीने दोन जीव वाचवले. मला विचाराल तर ते धुरपताबाईंनी वाचवले, आणि मी त्यांची ऋणी आहे.